शंभर गाठी रुई, जळगाव ते बुऱ्हाणपूर: शेजारच्या दोन संघराज्यांनी विक्रीकर कसा बदलला

जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगमधून (कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यातून) रुईच्या शंभर गाठी भुसावळ, सावदा, रावेर करत बुऱ्हाणपूरला निघाल्या आहेत, असं धरून चालू. गाठ १७० किलोची, म्हणजे ट्रकमध्ये १७० क्विंटल रुई. बिलावर विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, घेणाऱ्याचा २३ ने. २७ म्हणजे महाराष्ट्र, २३ म्हणजे मध्य प्रदेश. नवापूरमार्गे सुरतेला माल गेला असता तर २३ च्या जागी २४ आला असता. या दोन आकड्यांवरच ठरतं की कर कुठल्या नावाने कापायचा आणि शेवटी तो कुणाच्या तिजोरीत पडणार.

खानदेशाला ही सीमा नवी नाही, आणि तशी जुनीही नाही. बुऱ्हाणपूर ही फारुकींच्या खानदेशाची राजधानी. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. कापूस, केळी, डाळ यांचा व्यापार मात्र तीन राज्यांत पसरलेलाच राहिला. म्हणून संघराज्य कसं बदलतं हे पाहायचं, तर दिल्लीतल्या भाषणांपेक्षा या एका ट्रकचं बिल जास्त सांगतं. जोडीला पाकिस्तानातल्या अशाच एका ट्रकचं बिल ठेवलं, तर एकाच मुळाच्या दोन व्यवस्था कशा वेगळ्या वाटेने गेल्या हे दिसतं.

मूळ एकच, ते असं. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात केंद्राची, प्रांतांची आणि दोघांची सामाईक अशा तीन याद्या होत्या. मालाच्या विक्रीवरचा कर प्रांतांच्या यादीत होता. फाळणीनंतर भारताने तो राज्यांकडेच ठेवला. पाकिस्तानात १९४८ मध्ये केंद्राने तो आपल्याकडे घेतला, आणि तो परत प्रांतांकडे गेला नाही. पुढच्या सगळ्या फरकाचं बीज इथे आहे. भारतात २०१७ ला राज्यांना आपला हक्क सामाईक ठेवायला राजी करावं लागलं. पाकिस्तानात २०१० ला प्रांतांना निदान काही तरी परत द्यावं लागलं.

आधीचा ट्रक

आपल्या संविधानाप्रमाणे राज्याबाहेर जाणाऱ्या विक्रीवर राज्याला कर लावता येत नव्हता. म्हणून १९५६ ची सहावी घटनादुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी केंद्रीय विक्रीकर कायदा आला. कायदा केंद्राचा, पण वसुली करून पैसा ठेवायचा माल जिथून निघाला त्या राज्याने. दर वाढत वाढत १९७५ पर्यंत ४ टक्क्यांवर गेला. तो २००७ मध्ये ३ आणि २००८ मध्ये २ टक्के झाला. हा सवलतीचा दर मिळवायला घेणाऱ्याने सी फॉर्म द्यायचा. फॉर्म घेणाऱ्याच्या राज्याचं खातं देणार, आणि तो आला नाही तर विकणाऱ्याच्या राज्याचा पूर्ण दर विकणाऱ्याच्याच गळ्यात. माल पोचला, पैसे आले, व्यवहार मिटला, आणि दोन वर्षांनी निर्धारणात फरकाचा कर व्याजासकट निघाला, हे जुन्या व्यापाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे.

आपल्या गाठींचं बिल २७ लाखांचं धरू, म्हणजे खंडीला (३५६ किलो) साडेछप्पन हजारांच्या आसपास. सी फॉर्मवर २ टक्क्यांनी ५४,००० रुपये कर. तो पूर्ण महाराष्ट्राचा. बुऱ्हाणपूरच्या सूतवाल्याला त्याची वजावट नाही. तो कर सुताच्या किमतीत मिसळून जायचा आणि त्यावर मध्य प्रदेशाचा व्हॅट पुन्हा बसायचा. शिवाय आपल्याकडे महापालिका हद्दीत आधी जकात, मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर. ५० कोटींखालच्या उलाढालीला एलबीटीतून १ ऑगस्ट २०१५ पासून सूट मिळाली, आणि उरलेला कर जीएसटीत विरला.

१ जुलै २०१७ नंतरचा ट्रक

आता जीएसटीखाली तोच माल. हिशेब कपाशीपासून धरायला हवा, कारण नव्या व्यवस्थेत पैसा कुठे अडकतो ते तिथेच कळतं.

१७० क्विंटल रुई काढायला साधारण ५०० क्विंटल कापूस लागतो. रुईचा उतारा ३४ टक्के, सरकी ६५ टक्के म्हणजे ३२५ क्विंटल, बाकी घट. कापूस ७,००० रुपये क्विंटल धरला तर खरेदी ३५ लाखांची. शेतकरी नोंदणीकृत नसतो, म्हणून १५ नोव्हेंबर २०१७ पासून कापसावरचा ५ टक्के कर रिव्हर्स चार्जने घेणाऱ्या जिनिंगवाल्याने भरायचा: १,७५,००० रुपये. त्यातले ८७,५०० केंद्राचे, ८७,५०० महाराष्ट्राचे. आणि हा कर क्रेडिटमधून, म्हणजे आधी भरलेल्या कराच्या वजावटीतून, भरता येत नाही, रोख चलनानेच भरावा लागतो. भरल्यावर त्याचंच क्रेडिट मिळतं.

सरकी राज्यातल्याच तेल मिलला ३,००० रुपये क्विंटलने गेली, ९.७५ लाखांची. त्यावर ५ टक्के म्हणजे ४८,७५०. केंद्राचे आणि राज्याचे २४,३७५ प्रत्येकी. हे दोन्ही आपापल्या क्रेडिटमधून वळते झाले. दोन्ही खात्यांत ६३,१२५ प्रत्येकी उरले. रुईवर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी, ५ टक्के, १,३५,०००. त्यात उरलेलं सगळं क्रेडिट, १,२६,२५०, वापरलं. ८,७५० रोख भरले. जिनिंगवाल्याचा हिशेब बंद.

खरी गंमत पुढे आहे. महाराष्ट्राला कापसावर रोख मिळालेल्या ८७,५०० पैकी ६३,१२५ आयजीएसटी भरायला वापरले गेले, म्हणून महाराष्ट्राने तेवढी रक्कम केंद्राकडे वर्ग करायची. राज्याकडे उरले सरकीचे २४,३७५. रुईचे शून्य. बुऱ्हाणपूरला सूतवाल्याने ३६ लाखांचं सूत मध्य प्रदेशातच विकलं तर कर १,८०,०००, दोघांचे ९०,००० प्रत्येकी. त्याने आयजीएसटीचं १,३५,००० क्रेडिट निम्मं निम्मं वापरलं. म्हणजे मध्य प्रदेशाला ६७,५०० केंद्राकडून वर्ग होऊन आणि २२,५०० रोख, असे पूर्ण ९०,००० मिळाले. ताळा करून पाहा: जिनिंगवाल्याचे रोख १,८३,७५० आणि सूतवाल्याचे ४५,०००, एकूण २,२८,७५०. सुताचा कर १,८०,००० आणि सरकीचा ४८,७५० मिळवले की तेवढेच येतात. करावर कर कुठेच बसला नाही.

थोडक्यात, कर आता माल जिथे खपतो तिथला झाला. आधी ५४,००० घेणारं महाराष्ट्र रुईवर आता काही घेत नाही. माल पिकवणाऱ्या आणि बनवणाऱ्या राज्यांनी हे का मान्य केलं, हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

राज्यं राजी कशी झाली

जीएसटीच्या २०१४ च्या मूळ विधेयकात, माल पाठवणाऱ्या राज्यासाठी आंतरराज्य विक्रीवर दोन वर्षं १ टक्का जादा कर होता. तो राहिला असता तर आपल्या ट्रकवर जुना केंद्रीय विक्रीकरच वेगळ्या नावाने परत आला असता. २०१६ मध्ये तो काढला आणि त्याच्या जागी भरपाईची हमी आली: २०१५-१६ हे पायाभूत वर्ष, दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत, जेवढी तूट तेवढी भरपाई, पाच वर्षं. १४ टक्के हा आकडा उदार होता. पण त्यानेच गाठ सुटली. महाराष्ट्राने हेच खाली केलं: जकात आणि एलबीटी गेलेल्या महापालिकांना दरवर्षी ८ टक्के वाढ धरून भरपाईचा कायदा २०१७ मध्ये केला. जळगाव आणि धुळे महापालिकांच्या अंदाजपत्रकात ही रक्कम दिसते.

दुसरी गोष्ट टेबलाची, म्हणजे केंद्र आणि राज्यांनी एकत्र बसून ठरवण्याची. जीएसटीची घटनादुरुस्ती राज्यांच्या अधिकारांना हात लावणारी असल्याने निम्म्या विधानसभांची मंजुरी लागत होती. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात या तिघांनीही ती ऑगस्ट २०१६ मध्येच दिली. १०१ व्या दुरुस्तीवर ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली आणि त्याच महिन्यात जीएसटी परिषद बसली. परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्र एकटं काही लादू शकत नाही, आणि केंद्राला वगळून सगळी राज्यंही काही करू शकत नाहीत. पहिल्यांदा प्रत्यक्ष मतदान झालं ते १८ डिसेंबर २०१९ ला, लॉटरीच्या दरावर. तोवर सगळं एकमताने चाललं होतं.

मात्र या व्यवस्थेची किंमत आहे आणि ती लपवू नये. उद्या खानदेशात बोंडअळीने हंगाम बुडाला आणि महाराष्ट्राला एका वर्षासाठी रुईचा दर आपल्यापुरता उतरवावासा वाटला, तर तो एकट्याने उतरवत नाही; परिषदेत जावं लागतं. ठिबकचंच पाहा. जळगावचा हा उद्योग देशभर माहीत आहे. ठिबक संचावरचा कर १८ वरून जानेवारी २०१८ मध्ये १२ आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. दोन्ही निर्णय परिषदेत झाले, मुंबईत नाही.

ताण आला तो करोनात. २०२० मध्ये राज्यांच्या भरपाईसाठी लावलेला उपकर पुरेना, राज्यं हमीचे पैसे मागू लागली. केंद्राने आधी राज्यांनीच कर्ज काढावं असे दोन पर्याय ठेवले. बराच वाद होऊन ऑक्टोबरमध्ये केंद्राने स्वतः कर्ज काढून राज्यांना द्यायचं ठरलं. २०२०-२१ मध्ये १.१ लाख कोटी, २०२१-२२ मध्ये १.५९ लाख कोटी. हे कर्ज फेडण्यासाठी उपकराची मुदत वाढवावी लागली. भरपाई मात्र जून २०२२ ला संपली. त्याच्या महिनाभर आधी, १९ मे २०२२ ला, मोहित मिनरल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परिषदेच्या शिफारशी संसदेवर किंवा विधानसभांवर बंधनकारक नाहीत. तरीही कुठलं राज्य वेगळं गेलं नाही. कारण कायद्यात नाही, ट्रकमध्ये आहे: एका राज्याने वेगळा दर लावला की सीमेपलीकडच्या घेणाऱ्याचं क्रेडिट आणि संगणकातला हिशेब दोन्ही मोडतात. ही साखळी राज्यांना परिषदेच्या ठरावापेक्षा घट्ट बांधते.

कागद कुठे चुकतो

सीमेवरचा विक्रीकराचा नाका गेला, त्याचं काम ई-वे बिलाकडे, म्हणजे माल नेण्यासाठी काढायच्या ऑनलाइन कागदाकडे, आलं: आंतरराज्य मालाला १ एप्रिल २०१८ पासून, ५०,००० वरच्या किमतीला. २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस मुदत. बुऱ्हाणपूरला एक दिवस पुरतो, पण वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत चढवला आणि ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये गाडीचा नवा नंबर टाकला नाही, तर गाडी अडते. जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली मालकाने पुढे येऊन सोडवायचं तर दंड कराच्या दुप्पट, म्हणजे या बिलावर २,७०,०००. नंबरातला एखादा अंक चुकला, नावात स्पेलिंगची चूक झाली, तर सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे १,००० रुपयांवर सुटका होते. हे परिपत्रक ट्रकसोबत ठेवलेलं बरं.

दुसरी चूक मुनीमाची. बिल राज्यातलं समजून आयजीएसटीऐवजी केंद्र आणि राज्याचा कर भरला, तर बरोबर खात्यात पुन्हा भरायचा आणि चुकीचा कलम ७७ खाली परत मागायचा; आयजीएसटी कायद्याच्या कलम १९ मुळे व्याज लागत नाही. तिसरी चूक वेळेची. जिनिंगवाल्याने ११ तारखेपर्यंत विवरणात बिल चढवलं नाही तर १४ तारखेला सूतवाल्याच्या यादीत ते दिसत नाही, आणि २०२२ पासून यादीत नसलेलं क्रेडिट मिळत नाही. मग सूतवाला पुढच्या बिलातून पैसे रोखतो.

चौथी चूक खास आपल्याकडची: खेडा खरेदी. रिव्हर्स चार्ज शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसाला. गावात मधल्या व्यापाऱ्याने गोळा केलेला कापूस शेतकऱ्यांच्या नावावर दाखवला, तर तपासणीत सगळी साखळी उलगडते आणि क्रेडिट नाकारलं जातं. काटापट्टी, हिशेबपट्टी, सातबाऱ्याची प्रत आणि बँकेतून दिलेले पैसे, हे चारही प्रत्येक शेतकऱ्यामागे जुळले पाहिजेत.

रहीमयार खानचा ट्रक

पाकिस्तानच्या पंजाबातलं रहीमयार खान कापसाचंच, आणि सिंधला लागून. तिथून रुई कराचीला जाते. मालावरचा विक्रीकर केंद्राचा, १९९० च्या कायद्याखाली. प्रांताची सीमा ओलांडली म्हणून काही बदलत नाही. या बाबतीत त्यांचा ट्रक आपल्यापेक्षा आधीच सुटा होता. जकातही त्यांनी १९९९ मध्येच काढली आणि त्या बदल्यात विक्रीकरातला अडीच टक्क्यांचा हिस्सा दिला.

पण प्रांतांकडे स्वतःचं उत्पन्न नव्हतं, आणि केंद्राकडून येणारा वाटा निव्वळ लोकसंख्येवर ठरायचा, म्हणजे पंजाबला झुकतं माप. ३० डिसेंबर २००९ ला ग्वादरला सातव्या वित्त निवाड्यावर, म्हणजे केंद्र आणि प्रांतांमधल्या महसूल वाटपाच्या करारावर, सह्या झाल्या: प्रांतांचा वाटा पहिल्या वर्षी ५६, पुढे ५७.५ टक्के, लोकसंख्येचं वजन ८२ टक्क्यांवर आणलं, मागासलेपण १०.३, महसूल ५, विरळ वस्ती २.७. नंतर एप्रिल २०१० मध्ये अठरावी दुरुस्ती झाली. सिनेटर रझा रब्बानी यांच्या २७ जणांच्या संसदीय समितीत सगळ्या पक्षांचं एकमत घडवून ती आणली गेली. प्रांतांच्या विधानसभांच्या मंजुरीची तिथे गरज नव्हती. ४७ विषयांची सामाईक यादीच रद्द झाली, आणि केंद्राच्या यादीत विक्रीकराच्या नोंदीला जोड मिळाली: सेवांवरचा विक्रीकर सोडून.

त्या मोजक्या शब्दांतून चार नवी महसूल खाती उभी राहिली. सिंधने २०११ मध्ये, पंजाबने २०१२ मध्ये सेवाकराचा कायदा केला, मग खैबर पख्तुनख्वा आणि बलुचिस्तान. सिंधने स्वतःची वसुली यंत्रणा उभी केली हे खरं यश आहे. आपल्या कुठल्या राज्याला २०१७ नंतर असा स्वतंत्र कर उभा करता आलेला नाही.

अडचण ट्रकच्या भाड्यात येते. रुईचा कर एका दारी, भाड्याचा दुसऱ्या. भाडं पंजाबात सुरू झालं, सिंधमध्ये संपलं. सेवा दिली तिथला कर की घेतली तिथला, यावर दोन प्रांतांचे कायदे सरळ जुळत नाहीत, आणि दरही वेगळे: पंजाबचा सर्वसाधारण दर १६ टक्के, सिंधचा १३, तो जुलै २०२४ पासून १५. एका खात्यात भरलेल्या कराची वजावट दुसरीकडे मिळेलच असं नाही. पाच खात्यांना एका व्याख्येवर आणि एका विवरणावर आणण्यासाठी राष्ट्रीय कर परिषद पुढे आली, पण ती नंतर. आधी वाटणी, मग टेबल. आपल्याकडे या भाड्याला एकच उत्तर आहे: नोंदणीकृत घेणारा जिथला, तिथला कर. भाडं बुऱ्हाणपूरच्या सूतवाल्याने दिलं तर मध्य प्रदेश.

आणखी एक फरक फार खोल आहे. अठराव्या दुरुस्तीने असंही लिहिलं की प्रांतांचा वाटा मागच्या निवाड्यापेक्षा कमी करता येणार नाही. निवाडा पाच वर्षांचा असतो; पण सातवा निवाडाच त्यानंतर वर्षानुवर्षं पुढे ढकलत चालवला गेला. केंद्राला कमी करता येत नाही, प्रांतांना सोडायचं नाही, म्हणून नवा करार जुळत नाही. आपल्या १४ टक्क्यांना जून २०२२ ही शेवटची तारीख होती. भांडण कडू झालं, पण त्या तारखेला संपलं. आमच्या मते दोन व्यवस्थांमधला निर्णायक फरक हाच: तोटा भरून देण्याचं वचन दोघांनीही दिलं, मुदत एकानेच घातली.

नेपाळचा रस्ता तिसरा. २०१५ च्या संविधानाने ७ प्रांत आणि पुढे ७५३ स्थानिक पालिका आल्या. १३ टक्के व्हॅट केंद्रच गोळा करतं आणि ७०, १५, १५ असा तिघांत वाटतं. प्रांतांमध्ये कराची भांडणं त्यामुळे कमी. कुरबुर होते ती स्थानिक पालिकांनी बाहेर जाणाऱ्या वाळू, भंगारावर लावलेल्या करांची.

जे बदललं नाही

आपल्या ट्रककडे परत येऊ. प्रवेशकराची नोंद राज्ययादीतून गेली, पण वाहनकराची नोंद ५७ राहिली, म्हणून विक्रीकराचे नाके उठल्यावरही परिवहन खात्याचे नाके उभे होते. गुजरातने ते २०१९ मध्ये, मध्य प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये बंद केले. बाजार समितीची फी जीएसटीत आलीच नाही, कारण बाजार हा राज्याचाच विषय. ती रावेरला वेगळी, बुऱ्हाणपूरच्या मंडीत वेगळी.

आणि डिझेल. धुळ्याहून सुरतेकडे जाणारे ट्रक टाकी महाराष्ट्रात भरत नाहीत, नवापूर ओलांडून गुजरातेत भरतात, कारण तिथला व्हॅट कमी आहे. डिझेल जीएसटीत आणायला वेगळी घटनादुरुस्ती लागत नाही. अनुच्छेद २७९क मध्ये लिहिलेलंच आहे की कोणत्या तारखेपासून आणायचं ते परिषदेने सुचवावं. ती तारीख परिषदेने अजून सुचवलेली नाही, आणि या वेळी तोट्याची हमी कुणी, किती टक्क्यांनी आणि किती वर्षं द्यायची, ही बोलणीही सुरू झालेली नाहीत.